आवटी सरांचा समारोप

विट्याच्या आवटी सरांच्या घरात मी दोनच सकाळी पाहिल्या. पण दुसरी सकाळ पहिलीसारखीच, त्याच क्रमाने सुरू झाली, तेव्हा उरलेल्या सगळ्या तशाच असाव्यात असे मानायला हरकत नाही. प्रथम सर भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत. मग रेडिओ लागे, आणि बातम्या संपेपर्यंत घरात कोणी बोलत नसे. बातम्या संपल्या की इंदूकाकू पितळी फुलपात्रातून चहा आणत आणि ते सरांच्या उजव्या हाताशी, स्टुलावर वर्षानुवर्षे उमटलेल्या गोल डागावर बरोबर ठेवत. चहानंतर वर्तमानपत्र. सरांच्या आधी ते कोणी उघडायचे नाही, असा दंडक होता. सर त्याची उभी घडी घालत आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करत.

हे सारे ओसरीच्या पूर्वेकडील वेताच्या खुर्चीत बसून होत असे. पहिल्या सकाळी मला हे ठाऊक नव्हते. मी त्याच खुर्चीत बसले होते.

"बसा ना, सर," मी दुसऱ्या खुर्चीकडे हात करून म्हणाले.

"बसतो की," सर म्हणाले आणि उभेच राहिले. हातात वर्तमानपत्र होते, चेहऱ्यावर आतिथ्याचे हसू होते. पण ते बसेनात.

शेवटी आतून काकू आल्या. "बाई, तुम्ही जरा इकडं या बघू. ह्यांना तिथंच बसावं लागतं. नाहीतर दिवसभर असेच उभे राहतील."

मी गडबडीने उठले. ओसरीच्या कठड्यावर सरांची नात जुई कपड्यांचे चिमटे ओळीने मांडत होती: एक निळा, एक पिवळा, पुन्हा निळा. उठताना माझ्या पदराचा धक्का लागून त्यातला एक खाली पडला. सहा वर्षांची ती मुलगी रडली नाही, माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. तिने एकच सूर धरला आणि तो हळूहळू वर नेऊ लागली. सरांनी वर्तमानपत्रातून डोळे न काढता वाकून चिमटा उचलला आणि ओळीत ठेवला. "तोंड भिंतीकडे," ते स्वतःशीच पुटपुटले आणि चिमटा फिरवला. सूर थांबला.

या गोष्टीला आता वीसेक वर्षे झाली. मी तेव्हा कोल्हापूरला विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत होते. लहान मुलांमधील स्वमग्नता, ज्याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. आणि संशोधन सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत पोहोचवले पाहिजे, या मताची मी होते. त्यामुळे गावोगावच्या वसंत व्याख्यानमालांची निमंत्रणे मी सहसा नाकारत नसे. विट्याच्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष आवटी सर होते. ते विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. सगळा तालुका त्यांना सर म्हणत असे. विषय त्यांनीच सुचवला होता. 'स्वमग्नता: संशोधन काय सांगते?' असे शीर्षक मी कळवले होते. शाळेच्या फाटकावरील फलकावर मात्र 'मुले अबोल का होतात?' असे रंगवलेले दिसले.

"स्वमग्नता लिहिलं असतं तर लोक टाळ घेऊन आले असते," सरांनी खुलासा केला.

"पण सर, अशी सगळीच मुलं अबोल नसतात. काही तर भरपूर बोलतात."

"ते तुम्ही आत सांगा. फलकावर एवढी जागा नव्हती."

दुपारी सर वामकुक्षीला गेले. त्यांची सून रेवती मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. सकाळची शाळा उरकून आल्यावर ती माझ्यासमोर आंबे पिळत बसली. जुई शेजारी फरशीवर पाठ टेकून पंख्याकडे पाहत होती.

"मॅडम, संध्याकाळी तुम्ही कारणांबद्दल बोलणार आहात का?" तिने विचारले.

"बोलणार आहे. का?"

"नीट बोला." मग तिचे तिलाच हसू आले. "म्हणजे, तुम्ही नीटच बोलाल. पण अण्णांना ऐकू येईल असं बोला."

"सरांना कमी ऐकू येतं?"

"छे. कान अगदी तिखट आहेत."

तिने सालीतला रस बोटांनी निपटून काढला आणि खालच्या आवाजात सगळे सांगितले. अण्णा वाईट नव्हते. जुईसाठी गावातून अंगारे-धुपारे सुचवणारे कितीतरी आले. अण्णांनी एकालाही उंबरा ओलांडू दिला नाही. पण प्रत्येक कार्याला कारण असते, हे त्यांनी चाळीस वर्षे पोरांना शिकवले होते. जुईच्या बाबतीत कारण त्यांना सापडले होते. ती आठ महिन्यांची असताना रेवती नोकरीवर परत गेली, ते कारण.

"जूनपासून मी राजीनामा द्यायचा. मग सांगलीच्या केंद्रात न्यायचीही गरज नाही. कारण दूर केलं की कार्य थांबतं."

दर शुक्रवारी रजा टाकून ती जुईला सांगलीला नेत असे. तिथे एका लहानशा केंद्रात अशा मुलांना शिकवत.

"आणि तुमचे यजमान काय म्हणतात?"

"ते भिलाईला असतात. फोनवर म्हणतात, अण्णा म्हणतील तसं."

"आणि अण्णा?"

"अण्णा म्हणतात, शास्त्र म्हणेल तसं." तिने माझ्याकडे पाहिले. "म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

मी काही बोलण्याआधी जुई उठली. तिच्या गळ्यात दोरीला लहान चित्रांची पुठ्ठ्याची कार्डे अडकवलेली होती. त्यातले पाण्याच्या पेल्याचे कार्ड तिने काढले आणि रेवतीच्या रसाने माखलेल्या तळहातावर ठेवले. रेवतीने तसल्याच हाताने माठातून पाणी दिले.

"हे गेल्या महिन्यापासून," ती म्हणाली. "त्याआधी तिनं माझ्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं, मॅडम. तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायची. आम्ही ओळखायचं."

त्या दुपारी मी माझ्या व्याख्यानाचा मधला भाग नव्याने बांधला.

सभागृह बऱ्यापैकी भरले होते. पुढच्या रांगांत निवृत्त मंडळी होती. ती आदल्या दिवशी दुधाच्या अर्थकारणाला आली होती आणि दुसऱ्या दिवशी हिमालयातील पदभ्रमणाला येणार होती. काकू जुईजवळ घरी थांबल्या होत्या. रेवती तिसऱ्या रांगेत टोकाला बसली होती.

मी माझ्या परीने चांगले बोलले. कल्पना करा, मी म्हणाले, तुमच्या रेडिओवर सगळी केंद्रे एकाच वेळी, एकाच आवाजात लागली आहेत. पंखा, मिक्सर, रस्त्यावरचा भोंगा आणि आईची हाक, सगळे सारखेच मोठे. अशा वेळी मूल कानांवर हात ठेवते, त्याला आपण हट्टी म्हणतो. नेमका तेव्हाच माइक किंचाळला आणि सगळ्या सभागृहाने कानांवर हात ठेवले. एवढे उत्तम प्रात्यक्षिक मला पुन्हा कुठेच साधले नाही.

मग मी कारणांकडे वळले. आई मायेने वागत नाही म्हणून मूल असे होते, असे एके काळी मोठमोठे तज्ज्ञ सांगत. पुढच्या संशोधनाने ही कल्पना पूर्णपणे मोडीत काढली, हे मी रेवतीकडे न पाहता दोनदा सांगितले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. पण एकच एक जनुक त्याला जबाबदार नाही. जन्माआधीचे इतरही काही घटक असू शकतात. पण त्यांविषयी खात्रीने बोलण्याइतकी माहिती अजून नाही. लवकर शिक्षण सुरू केले, आईवडिलांनी त्यात भाग घेतला, तर मूल पुष्कळ शिकते. पण प्रत्येक मूल निराळे. शेवटी एक इशाराही दिला. "घरात एखादा अबोल काका असला, की लगेच त्याच्याकडे बोट दाखवू नका. एका घरातलं उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे."

टाळ्या झाल्या. मग अध्यक्षीय समारोपासाठी सर उभे राहिले. आपल्याकडे व्याख्यानमालांचा एक संकेत आहे: अध्यक्षांच्या समारोपानंतर आभार मानणाऱ्याखेरीज कोणी बोलायचे नसते. व्याख्यानाचा शेवटचा अर्थ अध्यक्ष सांगतात, आणि श्रोते तोच घेऊन घरी जातात.

"प्राध्यापकबाईंनी अत्यंत अभ्यासपूर्ण विवेचन केलं," सर म्हणाले. "काहींना ते थोडं जड गेलं असेल, म्हणून मी सोप्या शब्दांत सांगतो. बाईंच्या बोलण्यात 'पण' फार होते. संशोधकाला ते शोभतं. आपल्याला निष्कर्ष पाहिजे. बाई म्हणाल्या, लहान वयात आई मुलाला शिकवण्यात लक्ष घालते, तेव्हा मूल सुधारतं. आता शास्त्राचा साधा नियम लावा. ज्याच्या असण्यानं सुधारतं, त्याच्याच नसण्यानं ते बिघडलेलं असतं. तेव्हा मातांनो, आपली जागा मुलाजवळ आहे. एवढं जरी आपण आज इथून घेऊन गेलो, तरी बाईंचे श्रम सार्थकी लागले असं मी समजेन."

माझ्या टाळ्यांपेक्षा या टाळ्या मोठ्या होत्या. मी खुर्चीत थोडी पुढे सरकले. आभार मानणारे गृहस्थ तोवर माइकपाशी पोहोचले होते. मंडपवाले, माइकवाले, शाळेचे मुख्याध्यापक, सर्वांचे आभार मानून झाले. रेवती समोरच्या खुर्चीची पाठ पाहत बसली होती.

घराकडे चालत जाताना मी सरांना गाठले.

"सर, चष्मा लावला की नीट दिसतं. म्हणून चष्मा नव्हता म्हणूनच डोळे बिघडले, असं म्हणता येईल का?"

सर रस्त्यातच थांबले. मनापासून विचार करताना ते थांबत असत.

"उदाहरण उत्तम आहे," ते म्हणाले. "पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. हे तुम्हीच आज म्हणालात."

मागून येणारी रेवती म्हणाली, "मॅडम, जेवायला आमरस आहे. लवकर चला."

दुसऱ्या सकाळी घड्याळाला किल्ली दिली गेली, बातम्या झाल्या, फुलपात्र डागावर आले. मी शहाणी होऊन पश्चिमेच्या खुर्चीत बसले होते. सरांचा चेहरा वर्तमानपत्रामागे होता. मला पहिल्या गाडीने सांगली आणि तिथून कोल्हापूर गाठायचे होते. शुक्रवार असल्यामुळे रेवतीही जुईला घेऊन त्याच गाडीने निघणार होती. जूनपर्यंतचे शुक्रवार आता मोजकेच होते.

काकू पोहे घेऊन आल्या आणि कठड्याला टेकल्या. "काल मी काही आले नाही बाई. काय सांगितलंत लोकांना?"

मी थकले होते. रात्री पुष्कळ वाक्ये मनात जुळवून झाली होती आणि आता एकही उरले नव्हते. "एवढंच, की हे आईच्या वागण्यानं होत नाही. बऱ्याच अंशी जन्मापासूनच असतं. घराण्यातून येतं. पण..."

"घराण्यातून?" काकूंनी मला पुढे जाऊ दिले नाही. "म्हणजे ह्यांच्याकडूनच की!"

वर्तमानपत्र हलले नाही.

"बघा की. हे चार वर्षांचे होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. सासूबाई सांगायच्या, देव्हाऱ्यासमोर रडून रडून डोळे सुजायचे म्हणे त्यांचे. भाताला आमटी लागली की ताट ढकलायचे. अजूनही ढकलतील, पण वाटी वेगळी देते मी, म्हणून कुणाला कळत नाही. आणि आमच्या लग्नात..."

"इंदू," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"लग्नात बँड वाजायला लागला तसा नवरदेव गायब! मुहूर्त टळायची वेळ आली. शोधतात तर हे शाळेच्या प्रयोगशाळेत, कानांत बोटं घालून बसलेले. बँड बंद केला तेव्हा आले. माझ्या मामांना वाटलं, पोरगी पसंत नाही."

मला हसू आवरेना. वर्तमानपत्र खाली आले. सर हसत नव्हते. पण रागावलेलेही दिसत नव्हते. वर्गात एखाद्या मुलाने अनपेक्षित उत्तर दिल्यावर शिक्षक पाहतात, तसे ते बायकोकडे पाहत होते.

"मी चार वर्षं बोललो नाही, याला आधार काय?"

"सासूबाईंचं सांगणं."

"ती ऐकीव माहिती झाली."

"मग मिरजेच्या अक्कांना विचारा. त्या होत्या तिथं."

सर उठले, आत गेले. फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला, आणि मग सरांचा, ट्रंक कॉलच्या काळात घडलेला मोठा आवाज. "अक्का, मी बोलतोय. नाही, सगळे बरे आहेत. नाही, कुणी गेलं नाही! एक विचारायचं होतं. मी बोलायला कधी लागलो? बोलायला! आत्ता नव्हे, लहानपणी!" मग बराच वेळ नुसते हुंकार. मग, "आई कुठं बाहेर जायची का? शेतावर वगैरे? कधीच नाही? बरं. बरं. ठेवतो."

ते बाहेर आले आणि खुर्चीत बसले. फुलपात्र डागावरून जरासे सरकले होते, ते त्यांनी परत डागावर आणले.

"चार नव्हे," ते म्हणाले. "पाच."

"बघा!" काकू म्हणाल्या.

"आणि आई दिवसभर माझ्याजवळच असायची. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही." त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे माझ्या बाबतीत ते कारण नव्हतं. तो सिद्धांत पडला."

रेवती दारात उभी होती. जुईची पिशवी तिच्या खांद्याला होती आणि स्वतःच्या वेणीचा पेड हातात अर्धवट राहिला होता.

"आणि दुसरा उभा राहिला," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात मला चक्क समाधान ऐकू आले. कारण सापडले होते. ते स्वतःच कारण होते, याचे त्यांना काही वाटले नाही. कारण नसण्याच्या मानाने ते कितीतरी बरे होते.

"सर, इतकं सरळ म्हणता येणार नाही," मी म्हणाले. सवयच होती ती. "उशिरा बोलणं, ठरलेल्या सवयी, यावरून..."

"बाई, तुम्ही काल म्हणालात, घरातल्या अबोल काकाकडे बोट दाखवू नका." सरांनी तर्जनी वर केली. "आजोबांबद्दल काही म्हणाला नाहीत."

काकूंनी तोंडाला पदर लावला. सर दाराकडे वळले.

"रेवती, जूनचं ते राहू दे. नोकरी सोडायला कारण उरलं नाही."

"बरं, अण्णा," रेवती म्हणाली. मीठ आणायला सांगितल्यावर म्हणावे तसे. मग तिने वेणीचा राहिलेला पेड घालायला घेतला, सोडला, पुन्हा घातला.

"आणि सांगलीला मी पण येतो. माझी टोपी कुठं आहे? मला बघितल्याशिवाय त्या केंद्रवाल्यांना मुळाचा पत्ता कसा लागणार?"

स्टँडवर गाडी लागलेली होती. चालकाच्या मागची खिडकीची जागा जुईची. तिथे बसली नाही तर ती सांगलीपर्यंत तो सूर धरते, असे रेवतीने मला वाटेत सांगितले होते. त्या जागेवर एक फेटेवाले गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. रेवती काही बोलायच्या आत सर पुढे झाले.

"पाव्हणं, जरा पलीकडं बसता का? ही आमची जागा आहे."

"रिझर्व्ह हाय व्हय?"

"आनुवंशिक आहे," सर म्हणाले.

पाहुण्यांनी सरांच्या टोपीकडे, मग जुईच्या गळ्यातल्या कार्डांकडे पाहिले आणि बहुधा काहीतरी सरकारी असावे असे समजून ते उठले. जुई खिडकीशी बसली. तिने मुठीतून एक पिवळा चिमटा काढून खिडकीच्या गजाला लावला. शेजारी सर बसले, मागच्या बाकावर रेवती आणि मी. गाडी सुटली. जरा वेळाने रेवतीने डोके समोरच्या दांडीवर टेकवले. तिला झोप लागली असावी. निदान मी तरी तसेच समजले.

मी जे बोलायला हवे होते, ते माझ्यापाशी तयार होते. उशिरा बोलणारी बहुतेक मुले स्वमग्न नसतात. वाटी वेगळी लागणे हे निदान नव्हे. एका घरातले साम्य काहीही सिद्ध करत नाही, मग तो काका असो की आजोबा. हे सगळे खरे होते, आजही आहे, आणि अशा गैरसमजांची दुरुस्ती करण्यासाठीच मी गावोगाव हिंडत होते. काल पूर्ण तास मी खरे आणि नेमके तेच बोलले होते, तेव्हा रेवतीची नोकरी गेली होती. आज एका कच्च्या अनुमानाने ती परत आली होती.

पुढच्या बाकावरून सर वळले. त्यांनी हात बाकाच्या पाठीवर ठेवला होता.

"बाई, एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे. पुढच्या महिन्यात मुलगा भिलाईहून येईल, त्याला सांगायचं आहे. शास्त्राच्या दृष्टीनं आनुवंशिकतेचं हे बरोबर आहे ना?"

समोरच्या दांडीवरचे डोके हलले नाही. फक्त दांडी धरलेल्या हाताची बोटे घट्ट झाली.

"आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, सर," मी म्हणाले.

सर माझ्याकडे पाहत थांबले. पुढचा 'पण' यायचा आहे, हे आता त्यांच्याही सवयीचे झाले होते. तेवढ्यात कंडक्टर तिकिटांचा चिमटा वाजवत बाकापाशी आला. मी पर्स उघडली.

"एक सांगली," मी म्हणाले.